ताऱ्यांचे मोजणीदार : कॅप्टन जेकब



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. लोकमान्य झाले, माधवराव सप्रे झाले, आणि कोवळ्या वयात याच बूढापाऱ्यात राहून गेलेले स्वामी विवेकानंदही झाले. यंदा संपादक मंडळाने हे काम माझ्याकडे सोपवले. मी जे नाव सुचवले ते ऐकून बैठकीत क्षणभर शांतता पसरली. विल्यम स्टीफन जेकब, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्समधले गोरे कॅप्टन. गणपतीच्या स्मरणिकेत यांचे काय काम, असे एका सदस्याने विचारलेही. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून हा लेख.

माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. वर्धा जिल्ह्यातून 1973 साली रायपूरला आलो, तेव्हा हा मध्य प्रदेश होता. बूढा तलावाजवळ एक खोली भाड्याने घेतली आणि इथलाच होऊन गेलो. दिवसा लेव्हल आणि थिओडोलाइट, रात्री गच्चीवरून आकाश, असा माझा क्रम. त्या नादातूनच जेकबसाहेबांची ओळख झाली. तेही मूळचे जमिनीचे मोजणीदार, तेही घर सोडून दूर आलेले. त्यांची एक चूक माझ्या एका चुकीशेजारी ठेवून पाहिली आणि त्यानंतर त्यांना परके मानणे मला जमले नाही.

जेकबसाहेबांचा जन्म 19 नोव्हेंबर 1813 रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात वूलाव्हिंग्टन या खेड्यात झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक. घर मुलाबाळांनी भरलेले. थोरल्या भावांपैकी जॉन जेकब हे पुढे सिंधमध्ये सेनानी म्हणून गाजले व त्यांच्या नावाने जेकबाबाद शहर वसले. रायपुरात सिंधी बांधवांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी जेकबाबादचे नाव आपण पुष्कळदा ऐकले आहे. तेव्हा हे घराणे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मात्र भावाच्या नावाचे शहर झाले आणि आपल्या जेकबसाहेबांचे नाव ताऱ्यांच्या जुन्या याद्यांत राहिले.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आत-बाहेर, 1828 साली ते ॲडिसकोंब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात दाखल झाले. इंजिनिअर शाखेत निवड झाली, चॅटम येथे पुढचे शिक्षण झाले आणि 1831 साली हा सतरा-अठरा वर्षांचा तरुण मुंबईला उतरला. पुढची काही वर्षे त्रिकोणमितीय मोजणीच्या कामात गेली. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. डोंगरमाथे चढायचे, थिओडोलाइट मांडायचा, दूरच्या खुणेवर नजर लावायची आणि एकच कोन पुन्हा पुन्हा घ्यायचा. पुन्हा घेतलेला कोन पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. जे उरते त्याला आम्ही शेष म्हणतो.

दिवसा कोन मोजणारा हा माणूस रात्री वर पाहू लागला. 1842 साली त्यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. पेशवाई जाऊन जेमतेम चोवीस वर्षे झाली होती. 1843 साली ते रजेवर मायदेशी गेले, 1844 साली एलिझाबेथ कोट्स यांच्याशी विवाह झाला, 1845 साली परत आले आणि लवकरच कंपनीच्या लष्करी नोकरीतून बाहेर पडले. संसार नुकताच मांडलेला, हाती कॅप्टनचा हुद्दा. पण त्यांना तारे मोजायचे होते.

कोणते तारे? जोडतारे. साध्या डोळ्यांना जो एक ठिपका दिसतो, तो दुर्बिणीतून कधी कधी दोन ठिपक्यांचा निघतो. काही जोड्या नुसत्या एका रेषेत आल्यामुळे शेजारी भासतात, पण पुष्कळ जोड्यांतले दोन सूर्य खरोखर एकमेकांभोवती फिरत असतात. गौरीच्या दिवसांत आपल्याकडे फुगडी घालतात, ती डोळ्यांसमोर आणा. दोघीजणी हात धरून, मागे रेलून गरगर फिरतात. मध्यबिंदू दोघींच्या मधे असतो. जी वजनदार ती कमी सरकते, जी हलकी ती मोठा फेरा घेते. फेऱ्याचा आकार आणि काळ समजला, की दोघींचे वजन काढता येते. ताऱ्यांना तराजूत घालण्याचा हाच एक सरळ मार्ग त्या काळी होता. म्हणून जोडताऱ्यांच्या मोजणीला एवढे महत्त्व.

मोजायचे असते ते दोन ताऱ्यांमधले अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेची दिशा. हे अंतर विकलांत येते. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. चार-पाच किलोमीटरवर धरलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल तेवढी एक विकला. दुर्बिणीत बारीक तार सरकवून, एका डोळ्याने, थरथरणाऱ्या ताऱ्यावर हे माप घ्यायचे. पुण्याच्या आकाशाखाली पाच फुटी डॉलंड दुर्बिणीने जेकबसाहेबांनी असे 244 जोडतारे पाहिले व त्यांची यादी 1848 सालच्या आरंभी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. वृश्चिकाच्या डोक्यापाशी, आपल्या अनुराधा नक्षत्राजवळ, न्यू स्कॉर्पी नावाचा एक तारा आहे. तो दुहेरी म्हणून ठाऊक होता. त्यातला मंद सोबतीही स्वतः दुहेरी आहे, म्हणजे एकूण तीन तारे आहेत, हे 1847 साली त्यांनी दाखवले.

डिसेंबर 1848 मध्ये मद्रासच्या वेधशाळेचे संचालकपद त्यांना मिळाले. तिथे दहाएक वर्षे त्यांनी अक्षरशः राबून काढली. लरबूर यांच्याकडून 6.3 इंचांची दुर्बीण करवून घेतली, 250 जोडताऱ्यांची 998 मापे घेतली, शनीच्या उपग्रहांच्या कक्षा काढल्या, गुरूचे वस्तुमान सुधारले. शनीचे आतले काळसर कडे पारदर्शक आहे हे 1852 साली त्यांच्या लक्षात आले. आणखी एक काम मला फार मोलाचे वाटते. जुन्या यादीतील काही तारे वेगाने जागा बदलतात असे मानले जात होते. जेकबसाहेबांनी 317 तारे पुन्हा मोजले, तेव्हा त्या गती खऱ्या नसून आधीच्या मोजणीतील चुका आहेत असे निघाले. दुसऱ्याच्या चुका शोधायला कष्ट लागतात, आणि त्याबद्दल टाळ्या कोणी वाजवत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात 70 ऑफियुकी नावाचा एक मंद तारा आहे. तो दुहेरी आहे हे विल्यम हर्शेल यांनी 1779 साली पाहिले होते. पृथ्वीपासून अंतर 16 ते 17 प्रकाशवर्षे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात शेजारच्या मोहल्ल्यातले घर. दोन्ही सूर्य आपल्या सूर्यापेक्षा थोडे लहान व नारंगी. एका फेऱ्याला सुमारे 88 वर्षे लागतात. कक्षा लांबट, त्यामुळे दोघे कधी शनीच्या कक्षेएवढ्या अंतराच्या थोडे पलीकडे असतात, तर कधी नेपच्यूनच्याही पलीकडे जातात.

या जोडीची कक्षा त्या काळच्या ज्योतिर्विदांनी अनेकदा मांडली, पण ती नीट बसेना. गणिताने तारा जिथे हवा, तिथून तो किंचित सरकलेला दिसे. कधी इकडे, कधी तिकडे, विकलेच्या लहानशा अंशाने. जेकबसाहेबांनी सर्वांची मापे आणि स्वतःची मापे एकत्र मांडून पाहिली. शेष उरतच होता, आणि तो मागे-पुढे डुलल्यासारखा वाटत होता.

त्या काळची हवा लक्षात घेतली पाहिजे. युरेनस ठरल्या वाटेने जात नव्हता, त्या उरलेल्या फरकावरून 1846 साली नेपच्यून सापडला होता. व्याधाचा तारा वेडावाकडा सरकतो, तेव्हा त्याला न दिसणारा सोबती असला पाहिजे, असे बेसेल यांनी 1844 साली सांगितले होते. शेषातून नवे जग सापडते, हे लोकांनी नुकतेच पाहिले होते. पुन्हा फुगडीकडे या. अंधारात दोघी फिरताहेत आणि एकीच्या पदराला लहान मूल लोंबकळते आहे. मूल दिसणार नाही, पण तिच्या फिरण्यात झोका येईल. जेकबसाहेबांनी 1855 साली असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. या दोन सूर्यांपैकी एकाभोवती एखादा मोठा, न दिसणारा ग्रह फिरत असण्याचा बराच संभव आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापावर आधारलेला पहिला दावा म्हणून आज याची नोंद घेतली जाते.

मद्रासच्या हवेने त्यांची प्रकृती ढासळत गेली. 1854-55 मध्ये एकदा रजा घ्यावी लागली होती. ग्रिनिचच्या धर्तीवरचे नवे मोठे यंत्र इंग्लंडहून मार्च 1858 मध्ये मद्रासला पोहोचले आणि महिन्याभरातच त्यांना वेधशाळा कायमची सोडावी लागली. ऑक्टोबर 1859 मध्ये राजीनामा दिला. तरी स्वस्थ बसवेना. 18 जुलै 1860 चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला ते स्पेनला गेले. मनात एक योजना घोळत होती. मैदानातल्या दमट, थरथरत्या हवेपेक्षा पुण्याच्या बाजूच्या उंच डोंगरावर दुर्बीण न्यावी, म्हणजे तारे स्थिर दिसतील. डोंगरावरची वेधशाळा ही कल्पना तेव्हा नवी होती. 1862 साली पार्लमेंटने तिच्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली आणि तीन वर्षे काम करण्याचे ठरवून ते निघाले.

8 ऑगस्ट 1862 रोजी ते मुंबईला उतरले. ऐन पावसाळा. बोरघाटातला लोहमार्ग पुढे 1863 साली सुरू झाला. तोवर प्रवासी घाटापुरते गाडीतून उतरून पालखीने किंवा तट्टावरून वर चढत. ते पुण्याला पोहोचले आणि 16 ऑगस्टला त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे पत्नी, सहा मुलगे आणि दोन मुली. ज्या गावी तरुणपणी पहिली वेधशाळा बांधली, तिथेच वीस वर्षांनी देह ठेवला. डोंगरावरचे काम सुरू झालेच नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत आल्व्हन क्लार्क यांना व्याधाचा सोबती प्रत्यक्ष दिसला होता. बेसेल खरे ठरले होते.

जेकबसाहेबांच्या नशिबी ते नव्हते. 1890 नंतरच्या दशकात सी नावाच्या अमेरिकन ज्योतिर्विदांनी 70 ऑफियुकीच्या जोडीत तिसरा काळा सोबती आहे असे मांडले, पण तसा सोबती त्या कक्षेत टिकूच शकत नाही हे मोल्टन यांनी 1899 साली गणिताने दाखवले. 1943 साली रॉयल आणि होल्मबर्ग यांनी छायाचित्रांवरून गुरूच्या सुमारे दसपट वजनाचा ग्रह जाहीर केला. 1988 साली हाइंट्स यांनी सगळी मापे पुन्हा तपासली, आणि तोही बाद झाला. आजवर त्या जोडीभोवती एकही ग्रह सिद्ध झालेला नाही. मग जेकबसाहेबांना जो डोल दिसला तो कसला? वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांचा, वेगवेगळ्या दुर्बिणींचा. मान तिरपी असली तरी दिशेच्या मापात फरक पडतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोजणीतले दोष निवडणाऱ्या माणसाला त्याच दोषांनी चकवले.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न बाद झाला नाही. दोन सूर्यांच्या ओढाताणीत मोठा ग्रह टिकेल का? वृषपर्वा तारकासमूहात गॅमा सेफेई नावाचा जोडतारा आहे. 1988 साली कॅनडातील कॅम्पबेल, वॉकर आणि यांग यांना त्याच्या गतीत ग्रहाची चाहूल लागली. पुढे त्यांनाच शंका आली आणि 1992 साली त्यांनी दावा मागे घेतला. 2003 साली नव्या मापांनी सिद्ध झाले की ग्रह खरोखर आहे, गुरूहून मोठा, अडीच वर्षांत एक फेरा घेणारा. तिथेही दुसरा सूर्य साधारण युरेनसच्याच अंतरावर आहे. 2011 साली केपलर दुर्बिणीने हंस तारकासमूहात शनीएवढा एक ग्रह शोधला. तो एकाच वेळी दोन्ही सूर्यांना 229 दिवसांत प्रदक्षिणा घालतो. आपल्या देशातील बातमी तर अगदी ताजी आहे. अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथल्या यंत्राच्या साहाय्याने 2025 साली पृथ्वीच्या सुमारे 78 पट वजनाचा एक ग्रह नक्की झाला. त्याच्या सूर्यालाही दूरवर एक जोडीदार तारा आहे. भारतातल्या डोंगरावरची वेधशाळा आणि जोडताऱ्याच्या घरचा ग्रह, दोन्ही एकदम! हे वाचले त्या दिवशी मला जेकबसाहेबांची फार आठवण झाली.

आता माझी गोष्ट. ती मी आजवर कुठे सांगितलेली नाही. नोकरीची पहिलीच वर्षे होती. एका कालव्याची लेव्हल घेत होतो. पाच किलोमीटर जाऊन पुढच्या बेंचमार्कवर हिशेब लावला, तर 40 मिलिमीटरचा फरक. एवढा चालत नाही. पुन्हा मोजणे म्हणजे भर उन्हात आणखी दोन दिवस. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी फील्डबुकातला सुरुवातीचा एक आकडा खोडरबराने पुसला, 1.435 चे 1.395 केले. वही जुळली. पुढे शेजारच्या तुकडीशी आमचा तुकडा जुळेना. पाच हजारात एक उतार असलेल्या कालव्यात 40 मिलिमीटर म्हणजे 200 मीटरचा उतार. खोदलेला तळ पुन्हा करावा लागला. पट्टी धरणारा खलाशी ती तिरपी धरतो असा ठपका आला, आणि त्या गरीब माणसाने बोलणी खाल्ली. मी शेजारी उभा होतो. बोललो नाही. नंतर फेरमोजणीत कळले की माझी मापे बरोबर होती. बेंचमार्कचा दगडच बैलगाडीच्या धक्क्याने खचला होता. तो फरक मी वहीत राहू दिला असता, तर पहिल्याच दिवशी दगडावर संशय गेला असता. तो खलाशी आज नाही. त्याची माफी मागायची राहून गेली.

म्हणून मला जेकबसाहेब थोर वाटतात. त्यांचा निष्कर्ष चुकला. पण आपली मापे त्यांनी जशीच्या तशी छापली, न जुळणारा आकडा झाकला नाही, आणि आपल्या ग्रहाला संभवापलीकडे नेले नाही. त्यामुळेच शंभर-सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या कोणाला ती मापे काढून चूक शोधता आली. चूक त्यांची होती आणि ती शोधायची सोयही त्यांनीच करून ठेवली होती. माझ्या वहीत मात्र शोधायला काही उरलेच नव्हते. शेषाचा अर्थ लावताना माणूस चुकू शकतो. शेष पुसला, की पुढच्यालाही दार बंद होते.

ते कंपनी सरकारचे चाकर होते, हे मी विसरलेलो नाही. पण पुण्यात बसून आपल्याच आकाशाखाली त्यांनी जे टिपले, ते सगळ्या जगाचे झाले.

गणेश चतुर्थीला आपण चंद्र पाहत नाही. ताऱ्यांना मात्र बंदी नाही. उत्सवाच्या दिवसांत आरती आटोपल्यावर, पाऊस उघडला असेल तर, मुलांना घेऊन शहराच्या दिव्यांपासून थोडे बाहेर जा. रात्री साडेसात-आठच्या सुमारास डोक्यावरून जरा नैर्ऋत्येकडे भुजंगधारी दिसेल. त्यातच तो मंद तारा आहे. दोन सूर्य, आणि ग्रह अजून तरी एकही नाही.

आणि जाता जाता कोषाध्यक्षांना एक विनंती. याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर जमाखर्च छापला जातो. गेल्या वर्षी अकरा रुपयांचा फरक कसा मिटवावा यावर बैठक रात्री उशिरापर्यंत चालली होती. यंदा असा फरक राहिला, तर तो तसाच छापावा. पुढच्या वर्षी कोणीतरी शोधून काढील.